किलवरचा वरचा संच

प्रिय बंड्या,

तीन महिने पत्र नाही, कारण कबूल करायचं जिवावर आलं होतं. लिटरेचर या पत्त्यांच्या खेळातल्या त्या डावात किलवरचा वरचा संच मीच घालवला. मंद्या आपला तिसरा भिडू, पण त्याला यातलं ओ की ठो कळायचं नाही, म्हणून तुलाच लिहितोय. गुडघा आहे तसाच आहे.

डाव आठव. अठ्ठ्या काढून 48 पानं, सहा जणांना आठ-आठ, तिघांविरुद्ध तिघे. (दुर्र्या काढायच्या हा तुझा हट्ट मी अजूनही मानत नाही.) प्रत्येक रंगाचे सहा-सहा पानांचे दोन संच: दुर्री ते सत्ती खालचा, नव्वी ते एक्का वरचा. धावसंख्या 3-3, किलवरचा वरचा आणि इस्पिकचा खालचा हे दोन संच बाकी, समोरच्या तिघांतल्या दोघांचे हात रिकामे. किलवरमधली एकूण पाच पानं मी समोरच्यांकडे मागून बसलो होतो. राजा आणि गुलाम मिळाले. राणी, दश्शी आणि नव्वीला त्या उरलेल्या तिसऱ्यानं नकार दिला. म्हणजे तिन्ही आपल्याच गोटात. कोणतं पान कुणाकडे हे अचूक सांगितलं की संच आपला, म्हणून मी छाती फुगवून जाहीर केलं: राणी बंड्याकडे, दश्शी-नव्वी मंद्याकडे. दश्शीही तुझ्याकडेच निघाली! संच बाद, कुणालाच नाही. मग इस्पिकचा खालचा त्यांनी नेला आणि 4-3.

मला वाटलं, सहातली तीन माझ्याकडे, तेव्हा जाहीर मीच करायचं. इथेच गाढवपणा झाला. संचातलं एक तरी पान हातात असल्याशिवाय त्यातलं मागता येत नाही आणि हातातलं पानही मागता येत नाही, त्यामुळे पाच पानं मागितल्यावर सहावं, एक्का, माझ्याचकडे हे तुम्हाला उघड झालं होतं. माझा हात ताटासारखा वाढलेला! उलट तुम्हा दोघांत तीन पानं कशी वाटली असतील याच्या मला आठ शक्यता होत्या. तुला एकही शंका नव्हती: माझी तीन माहीत, स्वतःची दोन दिसतात, उरलेली नव्वी मंद्याकडे. मंद्यालाही तेवढंच स्पष्ट होतं, पण तो खिडकीबाहेर बघत होता.

म्हणजे ज्याची पानं उघडी पडलीत त्यानं गप्प बसायचं आणि ज्याची झाकलेली आहेत त्यानं जाहीर करायचं. आपल्यात कुणीही कधीही जाहीर करू शकतो, मग मला घाई कसली होती? तू टेबलाखालून पाय मारलास ते आता कळलं. तेव्हा डास वाटला. शिवाय ती लबाडीच.

आणि मलाच बोलायचं असतं तर आधी मंद्याच्या पाळीची वाट बघायची होती. त्यानं त्या तिसऱ्याला मुद्दाम दश्शी मागितली असती, नकार ठरलेलाच. पण त्यावरून दश्शी त्याच्याकडे नाही आणि राणी-नव्वीतलं निदान एक आहे, हे कळलं असतं. आठाच्या तीन शक्यता झाल्या असत्या. याची किंमत एकच, नकार मिळाला की पाळी त्या तिसऱ्याकडे जाते. त्याच्याकडे किलवरचं पान नाही, म्हणून त्या संचाला तो हात लावू शकत नाही. पण इस्पिकचं काय? तो पाळी मिळताच आपल्याकडून इस्पिकची पानं खेचत बसला असता. इथे माझं गणित अडतंय. तू असतास तर मंद्याला दश्शी मागायला लावलं असतंस का?

तुझं नवं घर लागलं का? वहिनींची परीक्षा झाली असेल. पोरगी आता बोलते म्हणे.

उत्तरात आधी इस्पिकचं लिही.

तुझा,
नाना