चाचा, तुमच्या ‘मालूम नै’साठी

आदरणीय चाचा,

सलाम.

हे पत्र तुमच्या नातीच्या मोबाइलवर धाडतोय, ती वाचून दाखवील. चार लोकांसमोर मुद्दाम ठेवतोय. घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही ‘छोडो ना पाटील’ म्हणून चहा सांगितला असता आणि विषय तिथंच मिटला असता. इथं तुम्हाला मला अडवता येणार नाही.

मशीन घ्यायचं खूळ माझंच. आमच्या शिवारातला पाझर तलाव १९७२च्या दुष्काळातला. वडील त्या कामावर होते, सुकडी खाऊन दिवसभर टोपल्यानं माती टाकलेली. पन्नास वर्षांत तो गाळानं निम्मा बुजला. गाळ काढायला पोकलेन भाड्यानं मिळतं, पण काढलेला गाळ रानात पसरायला आणि बालाघाट डोंगरातली उताराची रानं सपाट करायला डोझर लागतो. तो वेळेवर मिळत नाही, मिळाला तर तासाचा भाव ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून जुना घ्यायचं ठरवलं. सोयऱ्यांपैकी अर्ध्यांनी वेड्यात काढलं. बाकीचे तोंडावर काही बोलले नाहीत.

मशीन सापडलं एका बंद पडलेल्या खडी केंद्राच्या मागं. चेनच्या पट्ट्यांमधून येडी बाभूळ उगवून सीटपर्यंत आली होती. बीईएमएल कंपनीचा, डी-५० मॉडेल असावं, एवढंच विकणाऱ्याला माहीत. नंबरची पाटी कुणीतरी उपटून नेलेली, तासाचं मीटर अडकलेलं, पुस्तक नाही, पार्टची यादी नाही. कागद म्हणून डिझेलचे डाग पडलेली एक पावती. ‘चालू हालतीत आहे, फक्त बॅटरी नाही,’ असं तो म्हणाला. जुनं मशीन विकणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, हे मला नंतर कळलं.

तुमच्याआधी मी दोन मिस्त्री नेले होते. एक म्हणाला, इंजिन खोलल्याशिवाय काही सांगता येणार नाही. दुसरा म्हणाला, सगळीकडं नव्वद नंबरचं तेल भरा आणि पळवा. दोघंही अगदी खात्रीनं बोलत होते. मग कुणीतरी सांगितलं की उदगीरला एक चाचा आहेत, जायकवाडीच्या कालव्याच्या कामावर हेल्पर म्हणून लागले आणि डोझरवरच म्हातारे झाले.

तुम्ही आलात आणि इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही. खडू घेऊन चेनपाशी मांडी घालून बसलात. मला वाटलं, प्रवासानं दमले असतील. पाऊण तासानं हाक मारून दाखवलंत: चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात टोकाला अणकुचीदार झालेत, खालचे दोन रोलर तेल गाळतायत, चेनच्या सांध्यात पिनांवर बसणारे बुश एकाच अंगाला झिजलेत. चेनच्या मशीनच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च चेन आणि तिच्या आजूबाजूलाच जातो, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. स्प्रॉकेटचा दात बुशला एकाच बाजूनं रेटतो, म्हणून पिन-बुश प्रेसवर काढून अर्ध्या फेऱ्यानं फिरवून बसवले तर तीच चेन आणखी एक आयुष्य काढते. आणि उशीर करून बुश आरपार झिजू दिले तर फिरवायलाही काही उरत नाही. हे तुम्ही मालकासमोर मोठ्यानं सांगितलंत. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. भाव तिथंच उतरला.

पण आभार त्याचे नाहीत. भाव पाडणारी माणसं आपल्याकडं पुष्कळ आहेत.

मी तुम्हाला विचारलं होतं, स्टिअरिंगचा, म्हणजे डोझर वळवणारा, क्लच कोरडा आहे का तेलातला? जुन्या डोझरांत दोन्ही असतात. कोरडा असेल आणि आत तेल सापडलं तर कुठलं तरी सील गेलेलं आहे. तेलातला असेल आणि आत तेल नसेल तर प्लेटा जळतात. म्हणजे एकच गोष्ट बघायची आणि अर्थ बरोबर उलटा लागायचा. तुम्ही खालचा बोल्ट ढिला केलात, बोटावर काळं पाणचट काहीतरी आलं, ते चोळून बघितलंत, वास घेतलात आणि म्हणालात, ‘मालूम नै.’

खरं सांगतो चाचा, मी मनातून नाराज झालो. इतक्या लांबून माणूस आणला आणि त्यालाही माहीत नाही!

मग तुम्ही रॉकेल आणि तारेचा ब्रश मागितलात आणि चेसिसचं एक कोपरं तासभर घासलंत. पाटी गेली तरी लोखंडावर ठोकलेला नंबर जात नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्रीस आणि मातीच्या पाच थरांखालून आकडे वर आले. ते तुम्ही सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेतलेत आणि एसटी पकडून गेलात. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी फोन आला, ‘पाटील, अब मालूम है. तेलवाला है.’ तुम्ही बिदरला जाऊन आला होता. तुमच्या जुन्या ओळखीचा एक ऑपरेटर होता, त्याच्याकडं त्या जातीच्या मशीनच्या पुस्तकाची उरलेली काही पानं होती. त्यासाठी स्वतःच्या खिशातून भाडं भरलंत, आणि ते मला अजून देऊ दिलेलं नाही.

क्लचला तीस नंबरचं इंजिन ऑइल लागत होतं. त्या दुसऱ्या मिस्त्रीचं ऐकून नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओतलं असतं तर प्लेटा घसरल्या असत्या, आणि मी क्लच खराब निघाला म्हणून विकणाऱ्याच्या नावानं बोंब मारत बसलो असतो.

मशीन लो-बेड ट्रेलरवरून घरी आल्यावर मला पाना हातात घ्यायची घाई झाली होती. तुम्ही तीन दिवस काहीच खोलू दिलं नाहीत. ‘खोलना नक्को.’ पाण्याच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वाळवायला लावल्या आणि प्रत्येक ठिकाणचं थोडं थोडं तेल वेगवेगळ्या बाटलीत काढलंत. इंजिन, गिअर, डावा फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारी गिअरपेटी), उजवा फायनल ड्राइव्ह, हायड्रॉलिक. रात्रभर ओट्यावर ओळीनं ठेवल्या. आमच्या घरी कुणाचा नवस आहे का असं शेजारीण विचारून गेली. सकाळी गिअरच्या बाटलीत तळाला बोटभर पाणी. हायड्रॉलिकचं तेल ताकासारखं पांढरट. डाव्या फायनल ड्राइव्हच्या तेलात चुंबक फिरवला तर नुसता काळा लेप चिकटला. तेवढा तर असायचाच, म्हणालात. लोखंडाच्या चकत्या आल्या असत्या तर रडायची पाळी होती. चुंबकाला न चिकटणारे सोनेरी कण दिसले तर पितळी बुश जातोय असं समजायचं. पुस्तक नसलेल्या मशीनचा एवढा हालहवाल पाच बाटल्यांनी सांगितला आणि एक नटसुद्धा उगाच फिरला नाही.

सुरू करायचा दिवस तर आमच्या गल्लीत अजून निघतो. इंजिन टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, हातानं फिरवून बघितलं, टाकीच्या तळाचं गंजकं डिझेल काढलं, फिल्टर बदलले, डिझेल बंद ठेवून सेल्फ मारला आणि ऑइलचा काटा हलल्यावरच नोझलपर्यंतची हवा काढली. आणि मग तुम्ही आईला म्हणालात, ‘माँजी, पोळपाट है क्या?’

आई म्हणाली, ‘पोळपाट कामून पायजे?’

आमच्याकडं रोजची भाकरी. पोळपाट सणासुदीला निघायचा. तो तुम्ही माझ्या हातात देऊन मला एअर फिल्टर काढलेल्या तोंडापाशी उभं केलंत. वर्षानुवर्षं उभ्या मशीनच्या डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, अडकलेला असू शकतो. तसं असलं तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटतं, चावी फिरवून थांबत नाही, हवा कोंडून थांबवावं लागतं. हात लावलास तर हात जाईल, पोळपाट लाव, असं तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की मला जास्तच घाम फुटला. पंप तुम्ही आधी तपासला होता. इंजिन सुरू झालं, धूर ओकलं, आणि दोन मिनिटांत गुमान गुरगुरायला लागलं. पोळपाटाची गरज पडली नाही. पण त्याला काळ्या बोटांचे ठसे लागले ते लागलेच. आई अजून त्याच्यावर पुरणपोळी लाटत नाही.

पार्टचं मी तुमच्याकडून शिकलो ते आज रोज उपयोगी पडतं. पंख्याच्या पुलीतलं बेअरिंग वाजत होतं. मी लातूरला दुकानात जाऊन डोझरचं बेअरिंग मागणार होतो. तुम्ही जुनं बेअरिंग चिंधीनं पुसून कडेवरचा आकडा वाचायला लावलात, ६३०५. मशीन कुठलंही असो, हा आकडा सगळीकडं एकच. शेवटच्या ०५ ला पाचानं गुणलं की आतलं भोक २५ मिलिमीटर. ऑइल सीलचंही तसंच, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. दुकानदारानं विचारलं कुठल्या गाडीचं, मी नुसता आकडा सांगितला आणि त्यानं फळीवरून काढून दिलं. फिल्टरच्या बाबतीत मात्र तुम्ही बजावलंत की आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही, आतला बायपास, म्हणजे फिल्टर तुंबल्यावर तेलाला वाट देणारा व्हॉल्व्ह, वेगळा असू शकतो. ही एक गोष्ट विसरून मी एकदा शहाणपणा केला होता. त्याचं तुम्हाला सांगितलेलं नाही. आता कळलंच.

चेनचा ताण मी सुरुवातीला फार घट्ट ठेवायचो, दिसायला छान दिसतो. पहिल्या पावसानंतर काळ्या रानात मशीन नेलं, चिखल स्प्रॉकेटमध्ये दाबून बसला आणि चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली. तुम्ही फोनवरच ओरडलात. ताण काम जिथं करायचं त्या मातीत बघायचा, कोरड्या मुरमावर नाही. वर काठी आडवी धरायची, मधे दोन-तीन सेंटिमीटर झोळ पाहिजे. ढिली करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह एकाच फेऱ्याएवढा फिरवायचा आणि तोंड बाजूला ठेवायचं, कारण आतलं ग्रीस कातडी फोडून आत घुसतं. आणि संध्याकाळी चिखल काढल्याशिवाय मशीन उभं करायचं नाही. काळी माती रात्रीत वाळली की सकाळी छन्नी लागते, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नसावी. मला लागली.

तलावातला गाळ गेल्या उन्हाळ्यात निघाला, जवळच्या रानांत पसरला. वडील बांधावर खुर्ची टाकून बसले होते. काही बोलले नाहीत. फक्त ब्लेड रात्री जमिनीवर टेकवूनच ठेव, असं जाताना सांगून गेले. हे त्यांना तुम्हीच शिकवलंय, मला माहीत आहे.

तुम्ही मला वही करायला लावलीत ती चालू आहे. तेल कधी, किती, कुठलं, झोळ किती, कुठल्या सीलचं काय माप, सगळं त्यात आहे. लोक फोटो मागतात, मी देतो. पहिल्या पानावर तुमच्या हातचं उर्दू आहे. मला वाटायचं तुम्ही काहीतरी मोलाचं लिहून ठेवलंय. परवा नातीला फोटो पाठवून विचारलं, तर ती हसायला लागली. त्यात तारीख आहे आणि तेलाच्या डब्यांचे भाव आहेत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. दोन पायल्या ज्वारी घेतलीत, तीही चाचींना आवडते म्हणून. तेव्हा शब्दांनीच सांगतो. जिथं आधीचे दोन मिस्त्री खात्रीनं बोलले तिथं तुम्ही माहीत नाही म्हणालात आणि मग शोधायला गेलात. माझं मशीन, माझी जमीन आणि माझी झोप त्यामुळं वाचली. मनापासून आभार, चाचा.

एक काम आहे. या महिन्याच्या बाटल्या परवा ओट्यावर ठेवल्या. उजव्या फायनल ड्राइव्हच्या बाटलीत तळाला सोनेरी कण दिसतायत, चुंबकाला चिकटत नाहीत. मशीन उभं केलंय. अजून काही खोललेलं नाही. कधी येता?

तुमचा,
डोझरवाला पाटील