बांगड्याचा दोष नव्हता

पुणे, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

माझ्या अंगावर पित्त उठायला लागून आता वीस महिने झाले. या वीस महिन्यांत फोनवरचे आपले निम्मे बोलणे "आज काय खाल्लेस?" या प्रश्नाने सुरू झाले आणि तिथेच अडले. आई, त्या प्रश्नामागची तुझी काळजी मला कळते. पण त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे आणि ते तुम्हा दोघांना पुन्हा वाचता यावे, म्हणून पत्र लिहीत आहे.

आधी मे महिन्यातल्या त्या रात्रीविषयी. दुपारी तू तिरफळे घालून बांगड्याचे तिखले केले होतेस. संध्याकाळी माझे डोके ठणकू लागले, तेव्हा बाबांनी ते गुडघ्यांसाठी घेतात ती गोळी मला दिली आणि दोन तासांत माझा वरचा ओठ इतका सुजला की पाण्याचा पेला तोंडाला नीट लावता येईना. पाठीवर आणि मांड्यांवर रुपयाएवढ्या गांधी उठल्या आणि पसरत पसरत एकमेकींत मिसळल्या. तू मला मागीलदारी पाटावर बसवलेस, आमसुले कुस्करलेल्या थंड पाण्यात जुन्या धोतराचे फडके भिजवलेस आणि रात्री दीड वाजेपर्यंत ते माझ्या पाठीवर फिरवत राहिलीस. दुसऱ्या दिवसापासून घरात मासे शिजणे बंद झाले. मी येईन तेव्हापुरते बंद, असे तू म्हणाली होतीस. परंतु मी नसतानाही तुम्ही दोघे मासे खात नाही, हे मला काकूंकडून कळले आणि तेव्हापासून मला चैन नाही.

बांगड्याचा त्यात दोष नव्हता. बर्फात न ठेवलेल्या शिळ्या बांगड्यात हिस्टामिन नावाचे, खाज आणि सूज आणणारे रसायन साठते आणि तो खाल्ल्याने कोणाच्याही अंगावर लाल चट्टे येऊ शकतात, हे खरे आहे. पण तसे असते तर एकाच टोपातले तिखले जेवलेल्या आपल्या तिघांनाही त्रास व्हायला हवा होता. त्यानंतर डॉक्टरांना विचारून मी इथे पाच वेळा बांगडा खाल्ला आणि काहीही झाले नाही. त्या रात्री त्रास भडकला तो गोळीमुळे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अशा वेदनाशामक गोळ्यांनी माझ्यासारख्या अनेक रुग्णांच्या गांधी आणि सूज वाढते. बाबा, हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, म्हणूनच मी पाच महिने ते सांगायचे टाळले. गोळी देताना तुम्हाला हे ठाऊक नव्हते, घेताना मला ठाऊक नव्हते आणि तोपर्यंत दाखवलेल्या तीन डॉक्टरांपैकी एकानेही मला याची कल्पना दिलेली नव्हती. आता डोके दुखले तर मी पॅरासिटामॉल घेते आणि ते मला सोसते. तुमच्या गुडघ्यांची गोळी मात्र माझ्या काळजीपोटी बंद करू नका.

मला वाटते, आपली निम्मी दिशाभूल या आजाराच्या नावानेच केली. आपण "पित्त उठले" म्हणतो आणि लगेच पोटाकडे बघतो. मग आंबट बंद, तिखट बंद, दही बंद, तूरडाळ बंद. डॉक्टर याला अर्टिकेरिया म्हणतात आणि सहा आठवड्यांपेक्षा अधिक काळ टिकला की तो जुनाट समजतात. त्याचा ना यकृतातल्या पित्ताशी संबंध आहे, ना आम्लपित्ताशी. त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्या फुटल्यासारख्या मोकळ्या होऊन हिस्टामिन सोडतात, त्याने बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, कातडी फुगते आणि खाजते. अन्नाची अ‍ॅलर्जी असेल तर ते अन्न खाल्ल्यावर बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत कळते. महिनोन्‌महिने जवळजवळ रोज, पहाटे चार वाजता उपाशीपोटीसुद्धा उठणाऱ्या गांधींचे कारण ताटात सापडत नाही. माझ्यासारख्या पुष्कळ रुग्णांत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या पेशींना चेतवते. अशी बिघडलेली प्रतिकारशक्ती थायरॉइडलाही त्रास देऊ शकते, म्हणूनच माझी थायरॉइडची तपासणीही केली गेली आणि ती ठीक आली.

हे कळण्याआधी मी जे केले, ते तुम्हाला सांगितले नव्हते. गेल्या वर्षी एका प्रयोगशाळेत मी रक्ताची महागडी तपासणी करून घेतली. त्यांनी वांगे, गहू, शेंगदाणे, तूरडाळ, केळे अशा तेवीस पदार्थांची यादी हातात ठेवली आणि मी चार महिने त्यातले काहीही तोंडात घातले नाही. दिवाळीत मी इतकी वाळलेली का दिसत होते, असे तू विचारलेस आणि मी कामाचे कारण सांगितले. सात किलो वजन उतरले आणि गांधी होत्या तशाच राहिल्या. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रथिने, सापडली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असे नाही, हे आत्ताच्या डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत शांतपणे समजावले.

त्यांनीच मला रोजनिशी ठेवायला लावली. दिवसभरात उठलेल्या गांधींना शून्य ते तीन गुण आणि खाजेला शून्य ते तीन गुण द्यायचे आणि सात दिवसांची बेरीज करायची. ती जास्तीत जास्त बेचाळीस होते. मे महिन्यात माझी बेरीज एकतीस होती. तीन महिन्यांच्या नोंदी पाहिल्यावर ताटातले काहीच पुनःपुन्हा दिसले नाही, पण इतर गोष्टी दिसल्या: जागरण झाले की दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो, कढत पाण्याच्या अंघोळीने वाढतो, तापाने वाढतो. डॉक्टरांनी पेनाच्या बोथट टोकाने माझ्या हातावर एक रेघ ओढली आणि पाच-सात मिनिटांत ती दोरीसारखी वर आली. खांद्यावर पर्सच्या पट्ट्याखाली आणि कमरेला परकराच्या नाडीखाली गांधींची रांग का उठते, ते तेव्हा उलगडले. आई, ताईच्या लग्नात तू मला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवायला सांगितलास, लोकांनी हात बघू नयेत म्हणून. तू माझ्या भल्यासाठीच सांगितलेस, पण त्या घट्ट बाह्यांनी दिवसभर माझे हात पेटले होते, आणि त्याहून जास्त मला हे लागले की तुला माझे हात झाकावेसे वाटले. हा आजार संसर्गजन्य नाही. तो मला लपवायचा नाही.

आता उपचारांविषयी. झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी मी खाज आल्यावर न घेता रोज ठरल्या वेळी घेते. साध्या मात्रेने भागले नाही, म्हणून डॉक्टरांनी ती टप्प्याटप्प्याने चौपट केली. या आजारात तेवढी मात्रा मान्य आहे, पण ती स्वतःच्या मनाने वाढवायची नसते. स्टेरॉइडने दोन दिवसांत अंग स्वच्छ होते हे मी अनुभवले आहे, परंतु ते रोज घेण्याचे औषध नाही आणि मी ते थांबवले आहे. ऑगस्टपासून दर चार आठवड्यांनी ओमालिझुमॅबचे ३०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेते. ते मुळात दम्यासाठी आले आणि २०१४ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात या आजारासाठीही मान्य झाले. सुरुवातीला इंजेक्शन दिल्यानंतर देखरेखीसाठी दवाखान्यात बसवून ठेवतात, तशी मी बसले आणि काही त्रास झाला नाही. ते महाग आहे, पण माझ्या पगारात बसते. बाबा, कृपा करून ठेव मोडू नका. तीन इंजेक्शने झाली आणि गेल्या आठवड्याची बेरीज चार आहे. पाच रात्री मी सलग झोपले.

हे कायमचे बरे झाले असे मी म्हणणार नाही. अनेकांचा त्रास काही वर्षांत आपोआप थांबतो, काहींचा लांबतो. कधी जीभ सुजली किंवा श्वास कोंडू लागला तर आमसुलाच्या पाण्यासाठी न थांबता थेट रुग्णालयात जायचे, एवढे मात्र तुम्हीही ध्यानात ठेवा. एरवी ते पाणी मला हवेच आहे. गार फडक्याने खाज खरोखर निवते, आणि तू दिलेल्या आमसुलांचा डबा इथे माझ्या ओट्यावरच असतो.

मी सतराच्या रात्रीच्या गाडीने निघून अठराला सकाळी पोहोचेन. अठ्ठावीसला पुढचे इंजेक्शन आहे, त्यामुळे सव्वीसपर्यंत राहता येईल. भाऊबीज झाली की बाबा, तुम्ही बाजारातून ताजे बांगडे आणा, मीही बरोबर येईन. आई, तिखले तूच कर, तिरफळे घालून, आणि त्या दिवशी आपण तिघे एकत्र जेवायला बसू.

तुमची लाडकी,
धाकटी