मुदत फक्त ड्रायव्हरच्या लायसनला

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही महिने आपल्या पत्रांच्या सदरात मोकाट कुत्र्यांवरून जुंपलेली आहे. निम्मी पत्रं म्हणतात कुत्री उचला, निम्मी म्हणतात त्यांना पोळी टाका. ज्याच्या हातानं कुत्रं उचललं जातं त्याच्याबद्दल एक ओळ कुणी लिहिली नाही. माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून गुराढोरांत गेली, म्हणून माझं लक्ष तिकडं गेलं असेल.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीत ठेकेदाराची जाळीची गाडी आली. ड्रायव्हर आणि दोन पोरं. हातात बांबूला बांधलेला नायलॉनचा फास. त्यांनी हेरली ती नेमकी तांबडी कुत्री, जिची पिल्लं समोरच्या पडक्या वाड्यात होती. आचळं दुधानं तटतटलेली लांबून दिसत होती, पण दिसायला बघणाऱ्याला माहीत पाहिजे. फास मानेऐवजी कमरेला बसला, कुत्री उलटी फिरली आणि एका पोराच्या अंगठ्याच्या बुडाशी दात रुतवून निसटली.

पोरानं रुमालानं रक्त पुसलं आणि दुसऱ्या कुत्र्याकडं निघाला. मी त्याला धरून नळावर आणलं, धुण्याच्या साबणानं हात धुवायला लावला. पंधरा मिनिटं धू म्हटल्यावर हसला. "काका, एवढा टाइम तर मी आंघोळीलाबी लावत नाही." हात भिजू नये म्हणून त्यानं गळ्यातलं कार्ड काढून माझ्याकडं दिलं होतं. फोटो त्याचाच, वर जांभळा शिक्का, खाली 'मुदत' असा शब्द आणि पुढं कोरी जागा. प्रशिक्षण कुठं झालं, लस कधी टोचली, याचा रकानाच नाही. लायसन काही आहे का रे, विचारलं, तर म्हणाला, "ड्रायव्हरकडं हाय की." दिवाळीपर्यंत तो मंडपवाल्याकडं कामाला होता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम २००१ साली आले, तेव्हाच पथक कसं असावं ते त्यात लिहिलं होतं. गाडीचा ड्रायव्हर, कुत्री पकडण्याचं प्रशिक्षण घेतलेले किमान दोन कर्मचारी, प्राणी कल्याण संस्थेचा एक प्रतिनिधी, आणि प्रत्येकाजवळ स्थानिक संस्थेनं दिलेलं वैध ओळखपत्र. मार्च २०२३ मध्ये ते नियम जाऊन नवे आले. आता नसबंदीचं काम घेणाऱ्या संस्थेला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता लागते. म्हणजे संस्थेला कागद हवा, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला पशुवैद्यक परिषदेची नोंदणी, तीही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून. सगळ्यात आधी कुत्र्याच्या दाताशी ज्याची गाठ पडते त्यानं 'प्रशिक्षित' असावं असं म्हणून आपण मोकळे झालो. किती दिवसांचं प्रशिक्षण, कुणी द्यायचं, किती वर्षांनी पुन्हा घ्यायचं, हे गावपातळीवर कुणी विचारत नाही. त्या गाडीत मुदतीचा कागद एकट्या ड्रायव्हरकडं होता, तोही गाडीचा.

माझा भाचा टेक्सासला असतो. तिकडं 'ॲनिमल कंट्रोल ऑफिसर' असं पदच आहे. कामावर लागल्यापासून वर्षाच्या आत किमान बारा तासांचा मूळ अभ्यासक्रम करावा लागतो आणि पुढं दर तीन वर्षांत तीस तासांची उजळणी. भाच्याला हे फोनवर विचारलं, तर त्यालाच माझं नवल वाटलं. तिकडचं सगळंच इकडं आणा असं मी म्हणत नाही. आपल्या गल्ल्या वेगळ्या, कुत्री वेगळी आणि त्यांना भाकर टाकणाऱ्या बायाही वेगळ्या. पण एकदा शिकला म्हणजे जन्माचा शिकला असं तिथं धरत नाहीत, एवढं मला पटलं.

पकडणाऱ्याला आता डोकंही चालवावं लागतं. गल्लीतलं कुत्रं नसबंदी आणि लस झाल्यावर जिथून उचललं तिथंच सोडायचं, असा नियम. ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे शाळा, दवाखाना, एस.टी. स्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवारातलं कुत्रं मात्र परत तिथं सोडायचं नाही, निवाऱ्यात ठेवायचं. स्टँडच्या भिंतीलगत बसलेलं कुत्रं आतलं की बाहेरचं? कान कातरलेला म्हणजे नसबंदी झालेली, मग ते पुन्हा का उचलायचं? लाळ गाळणारं, खालचा जबडा लोंबणारं, म्हणजे पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं दिसलं तर त्याला इतर कुत्र्यांच्या पिंजऱ्यात कोंबायचं का? हे ठरवणार तो मंडपवाला पोरगा, तेही गल्लीभर माणसं मोबाइल धरून उभी असताना.

त्याच्या सुयांचं ऐका. ग्रामीण रुग्णालयात जखमेत सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं, दिलं, रेबीजची पहिली लस दिली आणि तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा दिवस चिठ्ठीवर लिहून दिला. प्रत्येक सुईला अर्धा दिवस जातो आणि ठेकेदार हजेरी कापतो. सातव्या दिवशी मी त्याला गाडीवर बसवून नेलं. अठ्ठाविसाव्याला तो दुसऱ्या गावी होता. फोनवर "घेतली काका" म्हणाला, खरं-खोटं त्यालाच ठाऊक. हाच पोरगा कामाला लावण्याआधी त्याला तीन सुया दिल्या असत्या, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी, तर चावल्यावर सीरम लागलं नसतं, दोन सुयांत भागलं असतं. कुत्री पकडणाऱ्यांना ही आगाऊ लस द्यावी हे वैद्यकशास्त्रात जुनं झालंय. पुढं लग्नसराई लागली तसा तो मंडपाच्या कामावर परत गेला. चावा खाऊन जे काही शिकला होता तेही त्याच्याबरोबर गेलं.

पैसा नाही, शिकवायला माणसं नाहीत, ही सबब मराठवाड्यात तरी चालू नये. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला आहे. जाळं कसं टाकायचं, गाडीत एकमेकांना फाडणारी कुत्री वेगळी कशी ठेवायची, दुभती कुत्री कशी ओळखायची, हे आठवडाभरात शिकवता येतं. पुस्तकापेक्षा हाताला वळण लागायला हवं. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लऊळला माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून नेत होती, ते सगळ्या देशात गाजलं. दोन माकडं धरायला पथक आलं ते नागपूरचं. आपल्याकडं जनावर धरणारा शिकवून ठेवलेला माणूस नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पूर्वी निदान कोंडवाडा होता आणि त्याचा राखणदार गुरं ओळखायचा. आमच्या कोंडवाड्याच्या जागेवर आता गाळे आहेत.

नगरपालिकांनी ठेक्याच्या अटींत एवढं घालावं: पकडणाऱ्या प्रत्येकाचं नाव, प्रशिक्षणाची तारीख, लसीच्या तारखा आणि कार्डावर तीन वर्षांची मुदत. मुदत संपली की उजळणी केल्याशिवाय गाडीवर चढायचं नाही. चावा घेतला तर सुईच्या दिवसांची हजेरी भरपगारी. यातल्या एकाही गोष्टीला दिल्लीहून परवानगी आणावी लागत नाही.

ती तांबडी कुत्री अजून गल्लीतच आहे. गाडीचा आवाज आला की वाड्यात शिरते, आणि जाळं टाकता येणारा कुणी येईपर्यंत नसबंदीवाचूनच राहणार.

आमच्याकडच्या ठेक्याची मुदत मार्चअखेर संपते. नवी निविदा निघण्याआधी पत्र छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
जि. परभणी