परत विचारणार नाही

प्रिय मनू,

रविवारी तू फोन ठेवलास, तेव्हापासून हे पत्र तीनदा सुरू करून फाडलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. आवाज चढतो आणि मग तू गप्प होतेस.

"आई, रिपोर्ट आला. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा." एवढं तू सांगितलंस आणि माझ्या तोंडून पहिला शब्द गेला तो "कधीपासून?" तू बोलली नाहीस, म्हणून मी परत विचारलं, कधीपासून रक्त जात होतं, इतके दिवस अंगावर का काढलंस. समोर बसवून फॉर्म भरून घ्यावा तसं. पोरीला आधी जवळ घ्यायचं असतं, ते राहिलंच. चुकलं माझं. परत विचारणार नाही.

रिपोर्टचा फोटो मी सुहासकडून मागून घेतला, त्याच्यावर रागावू नकोस. सव्वीस वर्षं लॅबमध्ये जसे रिपोर्ट वाचत आले तसाच वाचला, बाकीचं सोडून आधी कॅन्सर किती खोल शिरलाय ते बघितलं. चार मिलिमीटर. तीनच्या पुढे आणि पाचच्या आत, म्हणजे १ए२ हा सुरुवातीचाच टप्पा. मार्जिन, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडा, मोकळ्या आहेत, रक्तवाहिन्यांत आणि लसिकावाहिन्यांत पेशी दिसलेल्या नाहीत. या तीन ओळी मी बाबांना दोनदा वाचून दाखवल्या. ते काही बोलले नाहीत. उठून भिंतीवरचं बंद घड्याळ काढलं आणि टेबलावर उघडून बसले. आज तिसरा दिवस, अजून जोडतायत.

शाळा सुटली की तू लॅबमध्ये यायचीस आणि माझ्या स्टुलावर गुडघे टेकून मायक्रोस्कोपला डोळा लावायचीस, ते मला सारखं आठवतंय. पिशवीच्या तोंडाच्या पेशी काचेवर पसरल्या की तो पॅप स्मिअर. त्याच्या रंगात पेशी काय सुंदर दिसतात! काही नारिंगी, काही गुलाबी, काही निळसर हिरव्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध केंद्राचा गडद ठिपका. एकदा तू विचारलंस, "ह्या काकूंचं नाव काय?" मी म्हटलं, नाव नसतं, नंबर असतो. "मग त्यांना कसं कळणार की आपण त्यांच्याकडे बघतोय?" सात-आठ वर्षांची असशील. तेव्हा मी हसले होते. आता रात्री झोप येत नाही तेव्हा तोच प्रश्न ऐकू येतो.

कारण मी सगळ्यांकडे बघत होते, मनू. स्लाइड ९५ टक्के अल्कोहोलमध्ये लगेच बुडवली नाही, वाळू दिली, की पेशी फुगतात आणि वाचता येत नाहीत, म्हणून मी किती जणांना ओरडले असेन. केंद्राभोवती पांढरं रिकामं वलय असलेली पेशी दिसली की त्यावर शाईचा ठिपका ठेवून डॉक्टरांकडे स्लाइड पाठवायची. ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो त्या एचपीव्ही विषाणूची खूण असते ती. फॉर्मवर लक्षणांचा रकाना असायचा. त्यात मी स्वच्छ अक्षरात लिहायचे, पाळीशिवाय रक्तस्राव, संबंधानंतर रक्तस्राव. अनोळखी बायकांसाठी हे शब्द लिहिताना कधी लाज वाटली नाही. आणि घरी? बारा वर्षांची होतीस, बाथरूमच्या दाराआडून मला हाक मारलीस, तर मी पहिल्यांदा बाहेर बाबा आहेत का ते बघितलं आणि मग कुजबुजत बोलले. तेव्हापासून आपल्या घरात या विषयाचा आवाज तेवढाच राहिला. मग तू मला फोन करून कशी सांगणार होतीस? आणि मी कोणत्या तोंडाने विचारते, कधीपासून?

बघ, परत तिथेच आले.

निर्णयाचं लिहायचं होतं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या, असं सुहास म्हणाला. एक, पिशवी काढायची. दुसरी, फक्त तोंडाचा भाग काढून पिशवीचा वरचा भाग तसाच ठेवायचा, म्हणजे पुढे मूल होऊ शकेल. ही दुसरी शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये दार्जां नावाच्या डॉक्टरांनी १९८७ साली सुरू केली. तुझं जन्मवर्ष, म्हणून लक्षात राहिलं. तेव्हा हा काही कालपरवाचा प्रयोग नाही. पण पिशवीचं तोंडच गेलेलं असतं, त्यामुळे दिवस राहिले तरी मूल लवकर जन्मण्याची भीती असते, टाका घालतात आणि बाळंतपण सिझेरियननेच करावं लागतं. हे सगळं स्पष्ट विचारून घे.

पिशवी काढायची ठरली तर अंडाशय ठेवणार का, हे विचार. या वयात आणि या टप्प्यावर ते बहुधा ठेवतात. अंडाशय राहिले तर पाळी थांबेल, पण ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून अंगाची लाही लाही, असं होत नाही. मग ऑपरेशन साधं की मोठं, तेही विचार. मोठ्यात पिशवीच्या आजूबाजूचा भागही काढतात आणि लघवीच्या नसा तिथूनच जातात. बायकांना नंतर जो त्रास होतो तो त्यातूनच. २०२४ साली सातशे बायकांचा अभ्यास छापून आला. दोन सेंटिमीटरपर्यंतची, कमी जोखमीची गाठ असलेल्या बायका होत्या. तीन वर्षांत ओटीपोटात आजार परत आला तो मोठ्या ऑपरेशननंतर शंभरात २.१७ जणींना आणि साध्यानंतर २.५२. म्हणजे फरक जवळपास नाहीच, आणि साध्यात लघवीचा त्रास कमी. तू त्यात बसतेस का, ते त्यांच्याकडून ऐक. आणि मोठंच करायचं म्हणाले, तर पोट उघडून की दुर्बिणीने? भोक लहान म्हणून दुर्बीण बरी, असं आपल्याला वाटतं. २०१८ च्या अभ्यासात उलट निघालं. साडेचार वर्षांनी आजाराशिवाय असलेल्या बायका पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के होत्या आणि दुर्बिणीने केलेल्यांत ८६. लसिकागाठी कशा तपासणार, रंग टाकून कॅन्सर जिथे आधी पोचतो ती पहिली लसिकागाठ शोधणार का, हेही विचार. लसिकागाठीत काही निघालं तर रेडिएशन आणि केमो एकत्र द्यावं लागतं, आणि ऑपरेशन अधिक रेडिएशन असं दोन्ही अंगावर पडलं तर त्रास वाढतो.

अजून एक. त्या कोन बायोप्सीचे, म्हणजे तपासायला काढलेल्या शंकूसारख्या तुकड्याचे, मेणातले ब्लॉक आणि स्लाइड मागून घे आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखव. त्यात कोणाचा अपमान होत नाही. तीन मिलिमीटर आणि पाच मिलिमीटर यांच्या मधल्या फटीत तुझं सगळं ऑपरेशन ठरणार आहे, आणि ते मोजणारा माणूसच असतो.

वाचून दमलीस ना? शिकवणीच लावली मी. तू स्वतः सगळं वाचलं असशील. डॉक्टरांसमोर वही उघडून बसलीस आणि "मला दोन आठवडे द्या, मी विचार करून सांगते" म्हणालीस, असं सुहासने सांगितलं, तेव्हा ऊर भरून आला माझा. मी कोणाही डॉक्टरसमोर असं बोलू शकले नसते. आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला, की दोन आठवडे कशाला? आज का नाही? इतक्या सुरुवातीच्या टप्प्यात दोन आठवड्यांनी बिघडत नाही हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

माझ्या मनातलं विचारशील तर काढून टाक, मोकळी हो. लिहिलं शेवटी. पण ते माझ्या भीतीने लिहिलंय. चिऊला भाऊ किंवा बहीण हवी असं तुला किती वाटतं, आणि गेल्या खेपेला ते राहून गेलं तेव्हा तू कशी झाली होतीस, हे मी विसरलेले नाही. ते दुःख माझं नाही, तुझं आहे. पिशवीही तुझी आहे. मी "एकच का, अजून एक" म्हणायचे, ते सगळं मागे घेते. आणि "एक आहे ना, बास झालं" असंही म्हणणार नाही. ठेवलीस तरी मी तुझ्या उशाशी असेन, काढलीस तरी असेन.

सुहासवर संशय घेऊ नकोस, स्वतःवरही नको. हा विषाणू कधी ना कधी बहुतेकांना होऊन जातो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. एखादीत तो चिकटून राहतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे रक्त दिसायच्या कितीतरी आधीपासून. त्या वर्षांत एक साधा स्मिअर पुरला असता. २००६ साली या विषाणूवरची लस आली तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस. लॅबमध्ये आम्ही जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोललो होतो. मी घरी येऊन काही बोलले नाही. चिऊ नऊ वर्षांची झाली की तिला लस द्यायची. यात मात्र मी तुझं ऐकणार नाही.

बुधवारी संध्याकाळी पोचते. बाबा घड्याळ जोडून झालं की मागून येतील. चिऊला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे. रात्री तुला बोलायचं असेल तर बोलू, नसेल तर नुसती बसेन.

मनू, अनूच्या नव्या घरी आपण जमलो होतो त्या दिवशी तू दोनदा आत जाऊन कपडे बदलून आलीस. दुसऱ्यांदा काळी सलवार घालून आलीस, आणि उठताना वळून खुर्चीकडे बघितलंस. मी समोरच बसले होते. मी पाहिलं, आणि नजर खाली घातली. त्याला आता चौदा महिने झाले.

तुझी,
आई