रंगाच्या दुकानातल्या काकांना, फायबर होडीवाल्यांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीच्या या ६१ दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात आणि केबिन रंगवून घ्यायची घाई प्रत्येकालाच असते. त्या गर्दीत मागितला तो डबा देऊन पैसे घेणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही आधी विचारलंत, "आतली बाजू गुळगुळीत आहे की काचेच्या तंतूंची मॅट दिसतेय? आणि ऊन कुठवर येतं?" या दोन प्रश्नांसाठी हे जाहीर आभार. पुढच्या वर्षी नवी होडी घेणाऱ्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून तुम्ही सांगितलेलं इथे मांडतोय.

केबिनच्या आत बहुतेक ठिकाणी जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, नसतो, उघडी मॅट असते. ही मॅट ज्यात भिजवून घट्ट करतात त्या पॉलिएस्टर रेझिनचा वरचा थर हवा लागली की चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हाताच्या रेझिनमध्ये मेण घालतात. ते वर येऊन बसतं. डोळ्याला दिसत नाही, पण रंगाला धरू देत नाही. आधी घासायला घेतलं तर हेच मेण पॉलिश पेपरच्या ओरखड्यांत दाबलं जातं आणि मग निघता निघत नाही. त्यामुळे क्रम पक्का: साबण आणि गोड्या पाण्याने धुवून मीठ-डिझेल काढा, वाळू द्या, मग एसीटोन. एका चिंधीने ओलं करायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीने एकाच दिशेने उचलायचं, चिंधी सारखी बदलत. त्यानंतरच ८० नंबरचा पेपर. शेवटी पाणी मारून बघायचं. पाणी सलग पसरलं तर मेण गेलं. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर परत एसीटोन. हे न करता मारलेला रंग जागोजागी गोल फाटतो आणि वर्षभरात नखानेही पापुद्रा सुटतो.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते हार्डनरचं. फायबरचं काम केलेल्या हाताला एक सवय असते: रेझिनच्या किलोला १० ते २० ग्रॅम हार्डनर, उकाडा असेल तर कमी, गारवा असेल तर थोडा जास्त. तिथे ते चालतं, कारण तो हार्डनर रेझिनला फक्त चालना देतो. इपॉक्सी प्रायमरचा, म्हणजे रंगाखाली मारायच्या अस्तराचा, हार्डनर मात्र रंगाचाच अर्धा संसार आहे. डब्यावर लिहिलेल्या मापात कमी-जास्त झालं की जास्तीचा भाग तसाच मऊ राहतो, महिनाभर थांबलात तरी सुकत नाही. अंदाज नाही, माप. शिवाय एका वेळी अर्धा लिटरच कालवायचा. मोठ्या डब्यात तो स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि लवकर गोठतो.

पहिला हात पातळ करून ब्रशने रगडून मारायचा, रोलरने नाही. मॅटमधली बारीक भोकं रोलर नुसती झाकतो. आतली हवा तापली की तिथेच फोड येतात. या हातानंतर काचेचे उभे तंतू कडक होतात, ते १२० नंबरने उडवायचे आणि मगच दुसरा हात. पावसाळी हवेत इपॉक्सीवर तेलकट साय धरते. ती थिनरने नव्हे, साध्या पाण्याने निघते.

आता वरचा रंग. टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर कालवून मारायचा पॉलियुरेथेन रंग, महाग, तुम्ही तो विकू शकला असतात. पण त्याचा खरा गुण उन्हात टिकणं, आणि केबिनमध्ये ऊन येतंच कुठे? त्यात त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन बंद जागेत छातीला घातक. स्प्रे करायचा तर बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो. साधा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो, आणि ताज्या इपॉक्सीवर मारला तर चिकटच राहू शकतो. म्हणून राहत्या भागात पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक, सेमी-ग्लॉस म्हणजे बेताच्या चकाकीचा. पूर्ण चकचकीत रंगात मॅटचा प्रत्येक उंचवटा दिसतो. तळाला आणि कप्प्यांत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे इपॉक्सीच पांढरा ठेवायचा, वर काही नको. पांढऱ्यावर डिझेलची गळती आणि तडा लगेच दिसतो. (करड्या रंगाचा हट्ट धरणारे अजून आहेत. त्यांना तुम्हीच समजवा.)

हिशेबही तुम्हीच कागदावर करून दिलात. आतला भाग १२ चौरस मीटर, प्रायमरचे दोन हात म्हणजे २४. डब्यावर लिटरला ८ ते १० चौरस मीटर लिहिलेलं असलं तरी खडबडीत मॅटवर ६ धरायचे, म्हणजे ४ लिटर. वरचा रंग मात्र ३ लिटरमध्ये होतो.

एसीटोन आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. म्हणून ब्लोअरचा पाइप खाली सोडून हवा बाहेर खेचायची, ब्लोअर स्वतः केबिनच्या बाहेर. बॅटरीची तार सुटी, विडी-काडी नाही, आणि आत माणूस असताना बाहेर दुसरा हवाच. घासताना एन-९५, रंगवताना वाफेचा कार्ट्रिज मास्क. एकाचं काम दुसरा करत नाही.

ताडपत्रीखाली रंगवावं की थांबावं, यावर तुमची ओल्या फडक्याची युक्ती आता सगळेच वापरतात: ओलं फडकं फिरवा, १५ मिनिटांत वाळलं नाही तर डबा उघडू नका. काही होड्यांची केबिन यंदा तशीच अर्धवट राहिली आहे. तिचा रंग दिवाळीनंतर कोरड्या हवेत घ्यायला येऊ, तेव्हा ४ लिटरचे प्रायमर बाजूला काढून ठेवा.

आपले,
बंदरावरचे फायबर होडीवाले
रत्नागिरी