आई-बाबा, फॉर्म पाठवून दिला

प्रिय आई आणि बाबा,
सा. न.

फोनच करणार होते. पण फोनवर बाबा दोन मिनिटांत आईकडे देतात, आई रडायला लागते आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहितेय. आईने मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी शेवटपर्यंत ऐकायचं. मध्येच उठून टाकीत पाणी आलं का बघायला जायचं नाही.

टेनिसमधून निवृत्तीचा फॉर्म मी सोमवारी पाठवून दिला. दादाला आधी सांगितलं होतं. त्याच्यावर चिडू नका, गप्प राहा म्हणून मीच बजावलं होतं त्याला. बाबा, तुम्ही पहिलं काय विचाराल ते मला माहीत आहे, म्हणून सांगून टाकते: परत यायचं झालं तर सहा महिने आधी लेखी कळवावं लागतं आणि तेवढे दिवस डोप चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. नियम तेवढाच आहे. पण मी परत येणार नाहीये.

दिवाळीत गच्चीवर तुम्ही सानिया मिर्झाचं उदाहरण दिलंत, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. म्हणालात, तिचंही मनगटच गेलं होतं. २००८ ला ऑपरेशन झालं, बीजिंगला सामना अर्धवट सोडावा लागला आणि लगेच २००९ च्या जानेवारीत मेलबर्नला महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचं मिक्स्ड डबल्स जिंकून दाखवलं. सगळं खरं आहे. तुमच्या वहीत तारखांसकट असेल. पण बाबा, त्याच वहीत पुढची पानंही आहेत ना? २००७ च्या ऑगस्टमध्ये ती सिंगल्समध्ये जगात सत्ताविसावी होती. मनगटानंतर तिथे ती पुन्हा कधीच पोचली नाही. तसला फोरहँड असून! २०१३ ला तिने सिंगल्स सोडलं, तेव्हा तुम्ही जेवताना म्हणाला होतात, 'संपलं आता.' मग २०१५ ला मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डनच्या डबल्सच्या फायनलला तिसऱ्या सेटमध्ये २-५ असताना आई देवापाशी जाऊन बसली, आणि ७-५ झाल्यावर तुम्ही अख्ख्या वाड्याला उठवलंत. म्हणजे थांबणाऱ्या माणसाचं सगळं संपतच असं नाही, हे तुम्हीही बघितलंय की.

मग मी डबल्स का नाही खेळत, हा तुमचा पुढचा प्रश्न. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी एकदा लिहून देते. सानिया डबल्सकडे वळली तेव्हा तिच्या नावावर मिक्स्डची दोन ग्रँड स्लॅम होती, तिच्याबरोबर खेळायला लोक रांगेत होते. मी आजवर जागतिक क्रमवारीत चारशेच्या आत गेलेली नाही. ग्रँड स्लॅमच्या नुसत्या पात्रता फेरीतही साधारण अडीचशेच्या आतल्यांनाच जागा मिळते. आपण खेळतो ती पंधरा हजार डॉलरची स्पर्धा, म्हणजे सगळ्या मुलींचं बक्षीस मिळून पंधरा हजार. त्यातही डबल्सचा हिस्सा लहान, आणि तो दोघींत वाटायचा. पहिल्या फेरीत हरलं की हातात येतं त्यात रॅकेटचं गटिंग आणि दोन रात्रींची खोली निघाली तरी नशीब. बरं, क्रमवारीचे मिळालेले गुण बावन्न आठवड्यांनी गळतात. मनगट बांधून बसले की आपोआप खाली. परत पहिल्यापासून चढायचं, सतरा वर्षांच्या पोरींशी, ज्यांना रात्री बारापर्यंत खेळून सकाळी काहीच दुखत नाही.

मला दुखतं. हे तुम्हाला मी नीट सांगितलं नव्हतं कारण आई लगेच हळद-तेल घेऊन बसते. बॅकहँडला डाव्या मनगटात करंगळीच्या बाजूने कळ यायची, ती आता दाराची कडी फिरवताना येते. कुकरचं झाकण उजव्या हाताने लावते. फिजिओ म्हणाल्या, रोजच्या कामाला हात चांगला होईल, नक्की होईल. स्पर्धेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. आई, घाबरू नकोस. भांडी घासायला बाई आहे.

आणि विश्रामबागच्या विकलेल्या प्लॉटबद्दल. त्यावर आपल्या घरात कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. त्या वर्षी मला परदेशातल्या तीन-चार स्पर्धा खेळता आल्या त्या त्याच्यामुळे. गेल्या महिन्यात कॉलनीतून जाताना तुम्ही तिथे बांधलेल्या बंगल्याकडे बघितलं नाहीत, ते मी बघितलं. बाबा, ते पैसे बुडाले असं समजू नका. मला आज जी नोकरी मिळाली ती कॉलेजच्या मार्कांवर नाही मिळालेली. आंतरराष्ट्रीय क्रमवारीत होते, आठवडाभर स्पर्धा कशी खेळतात, हरून दुसऱ्या दिवशी परत कोर्टवर कसं उतरतात हे अंगात मुरलंय, म्हणून बोलावलं त्यांनी. पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला येतो. पहिला आला तेव्हा मी बराच वेळ नुसता मेसेजच बघत बसले होते.

आई, आता तुझ्यासाठी. इथे बेंगळुरूत हवा छान आहे, पंखासुद्धा लावत नाही. खोलीला खिडकी आहे आणि कपडे वाळत घालायला मागे गच्ची. जोंधळ्याचं पीठ दादाने पाठवलं, भाकरी रोज करते, फुगते पण. आठवतं ना, स्पर्धेला गेलं की हॉटेलच्या किटलीत भात शिजवायचो, आणि जिच्याबरोबर खोली वाटून घेतली तिच्याशीच सकाळी सामना पडायचा? तसलं आता काही नाही. एकाच गादीवर रोज झोपते. तुला हसू येईल, पण मला याचंच सगळ्यात अप्रूप आहे.

काम सकाळी साडेसहाला सुरू होतं. माझ्याकडे सगळ्यात लहान पोरं दिलीत. आता मुलांना आधी लाल बॉल देतात, मऊ, कमी उसळणारा, कोर्टही छोटं. मग केशरी, मग हिरवा, आणि मग कुठे पिवळा. तुम्ही मला थेट पिवळ्यालाच जुंपलं होतंत! सानिया २००५ च्या फेब्रुवारीत हैदराबादला जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही रॅकेट घेऊन आलात, मोठ्या माणसाची, ग्रिप माझ्या मुठीत मावेना. मी दोन्ही हातांनी धरून फोरहँड मारायचे. क्लबचं ते मुरूम आणि शेणाने सारवलेलं कोर्ट, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उघडलं की काय वास यायचा! माझ्या पांढऱ्या स्कर्टला बसलेला तो तांबडा डाग आई निळीत बुडवून बुडवून काढायची. तो पूर्ण कधी गेलाच नाही. आत दुसरा बॉल ठेवायला तू खिसा शिवायचीस, आणि सर्व्ह करताना तो बॉल हमखास पडायचा, आणि बाबा जाळीपलीकडून ओरडायचे. मला आत्ता ते सगळं इतकं हवंसं वाटतंय की लिहिणं थांबवून जरा बाहेर जाऊन आले.

इथे एका मुलीचे वडील रोज कुंपणाला टेकून वही घेऊन बसतात. बरोबर फटक्याला टिक, चुकीला फुली, डबल फॉल्टला गोल. अगदी तसंच. बाकीचे कोच म्हणतात, त्यांना गेटबाहेर बसवूया. मी म्हटलं, राहू देत, खुर्ची द्या.

सानियालाही ठरवलं तेव्हा थांबता आलं नाही, ते विसरू नका. २०२२ च्या जानेवारीत जाहीर केलं, हा शेवटचा मोसम. शरीर सावरायला वेळ लागतोय, मुलगा लहान आहे, गुडघा दुखतोय, असं सरळ सांगितलं. आणि अमेरिकन ओपनच्या तोंडावर कोपर दुखावलं, थांबणं पुढे ढकलावं लागलं. मग पुढच्या जानेवारीत मेलबर्नला बोपण्णाबरोबर मिक्स्डची फायनल हरली आणि फेब्रुवारीत दुबईला पहिल्याच फेरीत ४-६, ०-६. त्रेचाळीस डबल्स विजेतेपदं आणि एक्क्याण्णव आठवडे नंबर एक राहिलेल्या बाईचा शेवटचा सेट ०-६! मी तो स्कोअर बघून खूप वेळ हसले होते, मग मला बरं वाटलं. आणि बाबा, आता 'हिंगिस तीनदा निवृत्त झाली' हे मला ऐकवू नका. हिंगिस सोळाव्या वर्षी जगात पहिली होती. तिचं माझं सोडा.

आता कामाचं, नीट ऐका.

बाबा, छातीत भरून येतं ते 'गॅस' नाही. दादाने अपॉइंटमेंट घेतलीये, जायचं. ट्रेडमिलची चाचणी करायला सांगितली तर करायची, 'मी रोज चालतो की' हे डॉक्टरांना सांगत बसायचं नाही. आई, तू बरोबर जा आणि गोळ्यांची नावं लिहून आण, नाहीतर हे घरी येऊन म्हणतील, काही नाही, सगळं उत्तम. तुझी बीपीची गोळी रोज म्हणजे रोज. उपास असला तरी. चतुर्थीला गोळी चालते, मी विचारून घेतलंय. नोकरीतल्या मेडिक्लेममध्ये तुमची दोघांची नावं घातलीयेत, आधार कार्डाचे फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचे. मागच्या वेळी एकच बाजू पाठवली होतीत.

जिन्याखालच्या जुन्या रॅकेट्स क्लबमध्ये देऊन टाका. पहिली ठेवली तर ठेवा, पण गटिंग करायला टाकू नका, उगाच पैसे. गाडी विकायचा निर्णय दादावर सोपवा. आणि थंडी संपली की दोघं इकडे या. मिरजेला दुपारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलात की सकाळी इथे, मी स्टेशनवर येते. खालचे दोन बर्थ दादा काढून देईल. वरचा चालेल असं कोणी म्हणायचं नाही.

तुमची,
ठमी

ता. क. बाबा, कट्ट्यावर विचारलं तर 'सध्या ब्रेकवर आहे' असं सांगू नका. कोच आहे म्हणा. पगार विचारतीलच, तो मात्र सांगू नका.