आई, फी भरून टाकली आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

आई, रागावायचं तर आधीच रागावून घे. तुला न विचारता मी तुझ्या कंबरेसाठी कोमट पाण्यातल्या व्यायामाची तीन महिन्यांची फी भरली आहे. डॉक्टरांना तुझे एक्स-रे दाखवले, त्यांनी हो म्हटलं, मगच भरली. दादालाही विचारलं होतं.

दिवाळीत सोऱ्या उचलायला वाकलीस आणि ओट्याची कड धरून तशीच थांबलीस. "काही नाही गं," म्हणालीस आणि मी मुकाट बडोद्याहून पुण्याला निघून आले. ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

पोहायचं नाहीये. छातीइतक्या पाण्यात पुढे, मागे, आडवं चालायचं, कठडा धरून गुडघे उचलायचे. कमरेइतक्या पाण्यात पायांवर अंगाचं निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत तर जेमतेम तिसरा हिस्सा. मणक्यांवरचा भार उतरतो, उबेने आखडलेले स्नायू सैल होतात, आणि पाणी रेटत चालल्याने कंबर-पोटाला बळ येतं. नुसतं पडून राहून कंबर जास्तच धरते गं.

चांदोदला नर्मदेत माझ्या पोटाखाली हात धरून उभी राहायचीस, "सोडत नाही हं" म्हणत. पाणी तुला तसंच धरेल.

कपड्यांचा संकोच नको. पूर्ण बाह्यांचा, पोटऱ्यांपर्यंतचा पोशाख पाठवलाय. बॅच फक्त बायकांची आहे. उतरायला शिडी नाही, कठड्याच्या पाच पायऱ्या आहेत. मांडवीला जाते म्हणून गेले होते ना, तेव्हा स्वतः उतरून बघितल्या.

बाबा, तुम्ही जुम्मादादाच्या आखाड्यात वाढलेले, व्यायामाचं मी काय सांगणार! तिला न्यायचं तुम्हीच, पण रिक्षाने. स्कूटर अजिबात नको, दांडिया बाजारातून निघेपर्यंतच चार दचके बसतात.

आई, सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरे. उड्या नाहीत, कंबर पिळायची नाही. बाहेर येताना अंग एकदम जड होतं आणि तुझी बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा वर आल्यावर बाकावर दोन मिनिटं बसायचंच. तहान नसली तरी पाणी प्यायचं. पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर लाजून लपवू नकोस, त्याच क्षणी डॉक्टरांकडे. असं होईल म्हणून नाही सांगत, माहीत असावं म्हणून.

नाहीच आवडलं तर महिन्याने सोड, मी एक शब्द बोलणार नाही. पण सोमवारी साडेनऊला जा. बाबा, टॉवेलबरोबर तिची जुनी शाल घ्या, ओल्या केसांनी तिला लगेच शिंका येतात. मी अकराला फोन करते.

तुमची,
छकुली